अठ्ठेचाळीस नंबरच्या पायांसाठी

४ डिसेंबर, रविवार

पार्श्वभाग, कोपर, हनुवटी — या क्रमाने दुखतंय. हनुवटी कशी काय दुखते, असं हिने विचारलं. पालथं पडलं की दुखते! आणि आज मी बहुतेक पालथाच पडत होतो.

बोर्ड भाड्याचा. उतार लहान पोरांचा. सरकत्या पट्ट्यावर उभं राहून वर जायचं आणि स्नोबोर्डवरून खाली यायचं, एवढंच. माझ्या बाजूने इवलीइवली पोरं गाणी म्हणत खाली जात होती. आणि मी — एकसष्ट वर्षांचा, उभा जन्म वाहन परवान्याच्या परीक्षा घेण्यात घालवलेला माणूस — तोंडात बर्फ घेऊन पडलेला. एका पोराने थांबून विचारलं, "आजोबा, मेलात का?"

ही वर होती. खुर्च्यांच्या लिफ्टने डोंगराच्या पार माथ्यावर जाते. दर रविवारी, गेल्या हिवाळ्यापासून. मी निवृत्त झालो त्याच हिवाळ्यापासून. बरोबर मैत्रिणींचा घोळका. त्यात एक नर्स आहे, ती सगळ्यांची पुढारी. हिने शिकायला घेतलं तेव्हा मी हसलो होतो. या वयात! आता ती माथ्यावरून सुळकन येते आणि मी पट्ट्यापाशी बूट झटकत असतो.

परतताना गाडीत म्हणाली, "नसेल जमत तर नका येऊ. सक्ती थोडीच आहे?"

सक्ती नाही. पण रविवारी घरात एकटा बसून मी करू काय? भिंती बघू?

५ डिसेंबर, सोमवार

जिना कठडा धरून उतरलो. हिने पाहिलं. बोलली काही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

७ डिसेंबर, बुधवार

वेळ जात नव्हता म्हणून स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. रोज लागणारं खाली, क्वचित लागणारं वर. साधी गोष्ट आहे, इतकी वर्षं कुणाला सुचली नव्हती. ही आली, उभी राहून बघितलं, आणि "मीठ कुठे आहे?" एवढंच विचारलं.

संध्याकाळी मुलीचा फोन. "बाबा, तुम्ही स्की करा ना. तुमच्या वयाला सोपं पडेल." म्हटलं, तुझी आई बोर्ड करते. "मग काय झालं? तुम्ही दोघांनी एकच करायला पाहिजे का?"

म्हणजे काय? नवराबायको आहोत!

११ डिसेंबर, रविवार

आज शिकवणी लावली. शिकवणारी मुलगी आमच्या मुलीहून लहान. चेहरा उन्हाने रापलेला, फक्त गॉगलची जागा गोरी. आवाज गोड, पण सूचना थांबत नाहीत. "काका, गुडघे वाकवा. काका, खाली बघू नका. काका, खांदे सोडा."

टाचांच्या बाजूची कड बर्फात रोवून थांबायचं, ते जमलं. पण दुसऱ्या बाजूला वळायचं म्हणजे चवड्यांवर भार द्यायचा, बोर्डची पुढची कड बर्फात रुतवायची. तिथे घात. वळतो, वळतो, वळतोय असं वाटतं — आणि धाडकन तोंडावर!

मुलगी म्हणाली, घाबरताय. मी घाबरतोय? माझ्या शेजारी बसून लोकांनी गाड्या दुकानांत घातल्यात. मी तेव्हा घाबरलो नाही.

हिचं मत, मी वजन पुढे टाकत नाही. "पुढे वाकायची तुम्हाला सवयच नाही," म्हणाली. यात टोमणा होता की काय, कळलं नाही.

१४ डिसेंबर, बुधवार

सतरंजीवर उभं राहून सराव केला. गुडघे वाकवून, खांदे सोडून. दिवा पडला. काच गोळा करेपर्यंत ही आलीच.

१८ डिसेंबर, रविवार

आज पट्ट्याच्या पलीकडे जरा जास्त उभा उतार आहे तिथे नेलं. जाणारच नव्हतो. शिकवणारी मुलगी म्हणाली, वेग मिळाला की वळणं सोपी होतात.

सोपी! इथे तर प्रत्येक वळणाला कुणीतरी ब्रेक दाबतंय असं वाटतं. परीक्षेच्या गाडीत माझ्या पायाखाली एक जादा ब्रेक असे. समोरचा चुकला की मी दाबायचो, आणि बिचारा दचकून माझ्याकडे बघायचा. आज तो बिचारा मी. सगळं बरोबर चाललेलं असतं, आणि मध्येच कुणीतरी खाड्कन थांबवतं. बोर्ड थांबतो, मी जातो पुढे.

एकदा इतका जोरात आपटलो की गॉगल लांब जाऊन पडला. तो आणून देणारा माणूस "सावकाश हो, काका" म्हणाला. सावकाशच होतो!

२० डिसेंबर, मंगळवार

ठरलं. बंद. या वयात हाडं मोडून घ्यायची हौस नाही. चहा पिताना हिला सांगितलं, आता मी येणार नाही.

"बरं," म्हणाली.

झालं. "बरं." लगेच. तोंडातला घोटसुद्धा न गिळता. "अहो, असं काय करता, इतकं शिकलात" वगैरे काहीही नाही. इतक्या पटकन बरं म्हणायची काय गरज होती?

येणार! आता तर येणारच.

८ जानेवारी, रविवार

मधल्या दोन आठवड्यांत खोकला. आज पुन्हा गेलो, आणि आज उलगडा झाला!

शिकवणारी मुलगी माझ्या मागून येत होती. मी पडलो (नेहमीप्रमाणे). ती जवळ आली, पण मला उठवलं नाही. माझ्यामागचा बर्फ बघत उभी राहिली. मग म्हणाली, "काका, इकडे बघा."

बर्फात बोर्डच्या कडेची बारीक रेघ होती, वाकत गेलेली, छान. आणि तिच्या बाहेर आणखी एक रेघ. तुटक, ओबडधोबड, मांजराने ओरबाडल्यासारखी. जिथे ती खोल झाली तिथेच मी पडलो होतो.

"बूट दाखवा." दाखवले. दोन्ही बुटांचं पुढचं रबर घासून पांढरं पडलेलं.

"काका, तुमचा पाय केवढा आहे?"

"अठ्ठेचाळीस."

तिने कपाळाला हात लावला. बोर्ड अरुंद आहे! माझे पाय त्यावर आडवे उभे असतात, आणि बोटं कडेच्या बाहेर येतात. बोर्ड तिरका केला की कडेच्या आधी माझा अंगठाच बर्फात घुसतो. म्हणजे तो ब्रेक माझ्याच पायाचा होता.

म्हणजे इतके दिवस गुडघे, मान, खांदे, वजन, भीती — सगळं खोटं! मुलगी ओशाळली. "मला आधीच बघायला हवं होतं. एवढ्या मोठ्या पायाचं फारसं कुणी शिकायला येत नाही." तिच्यावर काय रागवायचं. पण भाड्याने बोर्ड देणाऱ्या खिडकीवर रागावलो. रुंद बोर्ड का देत नाही? "एवढ्या पायाचं गिऱ्हाईकच नसतं." मी कोण आहे मग? माझ्या मागे रांगेत एक ताडमाड तरुण उभा होता, त्याचे पायही होडीएवढे. त्याला म्हटलं, तूसुद्धा पडतोस ना? तो म्हणाला, नाही, मी स्की करतो.

गाडीत हिला सगळं सांगितलं. दोनदा सांगितलं. माझी चूक नव्हती! माझ्या पायाची होती, आणि पाय काही मी केलेला नाही!

"असं होय," म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

९ जानेवारी, सोमवार

शाळेत मला 'होडी' म्हणायचे. चपलांच्या दुकानातला माणूस माझ्या वडिलांना म्हणाला होता, पोरगा उंच होणार, पाय सांगतायत. उंच झालो मी बेताचाच. पाय मात्र होत राहिले. लग्नात घालायला मापाचे बूट मिळाले नाहीत म्हणून थोरल्या काकांचे घातले, पुढे कापूस कोंबून. नंतर कळलं, कापूस लागतच नव्हता.

उद्या दुकानात जायचं.

१० जानेवारी, मंगळवार

दुकान मोठं, झगझगीत. भिंतभर बोर्ड उभे, देवळातल्या घंटांसारखे एकाला एक लागून. विक्रेता तरुण, डोक्यावर केसांचा बुचडा.

"मोठ्या पायासाठी रुंद बोर्ड पाहिजे."

"वाइड? आहे ना! मुलासाठी?"

"माझ्यासाठी."

"अच्छा." एकदा वरून खाली, मग पुन्हा पायांवर. "वा!"

पहिला दाखवला तो माझ्या उंचीएवढा. मला पाय आहेत, पण वजन नाही. बगळा म्हणतात लोक. एवढा लांब आणि ताठ बोर्ड वाकवायला अंगात जोर लागतो, तो मी कुठून आणू? बुचडेवाल्याचं म्हणणं, रुंद बोर्ड बनवणारे असंच धरून चालतात, की पाय मोठा तर माणूसही मोठा. धिप्पाड, शंभर किलोचा. मोठ्या पायाच्या बारीक माणसाचा विचार कुणी केलेलाच नाही!

मग एक मधला निघाला. त्यावर चक्क मोठ्या अक्षरांत 'वाइड' लिहिलेलं. लांबी माझ्या हनुवटीपर्यंत. जमिनीवर ठेवून उभा राहिलो. बोटं जराशी बाहेर.

"थोडी बाहेर असलेली चालतात," बुचडेवाला म्हणाला. "दोन बोटं कमी-जास्त."

कुणाची बोटं, ते विचारायचं राहिलं. घेतला. काळा, चकचकीत, वर एक लांडगा.

१२ जानेवारी, गुरुवार

बोर्ड दिवाणखान्यात ठेवलाय. ही त्याला वळसा घालून जाते. कौतुकाने एकदा तरी बघावं!

१५ जानेवारी, रविवार

घासतोय!! अजून घासतोय! कमी घासतो, पण उतार वाढला की तोच अंगठा, तीच रेघ, तीच हनुवटी.

मुलीने पट्टी लावून मापला. मधोमध — जिथे बोर्डची कंबर असते — सव्वीस सेंटिमीटर. "काका, हा तुम्हाला पुरणारच नाही. तुम्हाला सत्तावीसच्या वर पाहिजे. साडेसत्तावीस असला तर उत्तम."

"पण यावर वाइड लिहिलंय!"

"प्रत्येक कंपनीचं वाइड वेगळं असतं."

म्हणजे! एकाचं रुंद ते दुसऱ्याचं मध्यम. याला काही नियम? जड वाहन कशाला म्हणायचं ते कायद्यात लिहिलेलं असतं, ड्रायव्हरच्या मर्जीवर नसतं. इथे ज्याच्या मनात येईल तो रुंद लिहितो, आणि माणूस तोंडावर पडतो.

ही खाली आली तेव्हा मी बाकावर बसलो होतो. नर्सही होती. तिने विचारलं, "काय म्हणतो नवा बोर्ड?" मी सांगायला लागलो. कंबर, कड, सव्वीस, सत्तावीस. सांगता सांगता बघतो तर ही पार्किंगकडे निघालेली.

१६ जानेवारी, सोमवार

बुचडेवाल्याशी भांडण. वापरलेला बोर्ड परत घेत नाहीत म्हणे. "लांडग्याला ओरखडे पडलेत." माझ्या हनुवटीला पडलेत त्यांचं काय?

शेवटी त्याने उपाय सांगितला. बूट अडकवायचे पट्टे तिरपे करायचे, दोन्ही पावलं बाहेरच्या बाजूला वळवून. पाय तिरपा झाला की बोटं आत येतात. फुकटात करून दिलं. बदकासारखा उभा राहिलो दुकानात. एक बाई आपल्या मुलाला हाताने ओढून पुढे घेऊन गेली.

२२ जानेवारी, रविवार

बोटं आत आली. गुडघे बाहेर गेले.

म्हणजे खरंच, गुडघे आपले राहिलेच नाहीत. दोन वळणं घेतली, न पडता! तिसऱ्याला डाव्या गुडघ्यातून कळ आली ती थेट दाढेत. मुलगी म्हणाली, "एवढं तिरपं नको काका, थोडं कमी करू." थोडं कमी केलं. घासायला लागलं. थोडं जास्त केलं. कळ. दिवसभर हेच, पाना घेऊन बर्फात बसून.

गाडी हिला चालवता येत नाही, म्हणून परत मीच आणली. क्लच दाबताना डोळ्यांत पाणी. ही म्हणाली, "कशाला करता हो हे सगळं?"

म्हटलं, तुझ्याबरोबर वर यायचंय म्हणून.

तिने सीटचा पट्टा उगाच सारखा केला. भरून आलं असेल.

२४ जानेवारी, मंगळवार

सकाळपासून फोन. जवळची दुकानं, लांबची दुकानं.

एक: "रुंद? संपले." दुसरा: "रुंद आहेत, पण सगळे लांब." तिसऱ्याने सगळं ऐकून घेतलं — पाय, वजन, उंची, वय. वय सांगितल्यावर म्हणाला, "काका, तुम्ही बर्फावरून चालायला का जात नाही? छान असतं." ठेवला फोन!

एका बाईने निदान बुटांबद्दल विचारलं. म्हणे काही बूट बाहेरून आखूड असतात, आतला पाय तेवढाच, पण रबर कमी. हे बरं कळलं. पायाचं माप बदलत नाही, निदान बुटाचं तरी बदलावं.

२९ जानेवारी, रविवार

गेलो नाही. गुडघा सुजलाय. नर्स येऊन हिला घेऊन गेली.

दिवसभर घर खायला उठलं. हिचं कपाट लावावं म्हणून उघडलं, पण मग राहू दिलं. संध्याकाळी जिन्यात हसण्याचा आवाज आला. मोठ्याने, पोट धरून हसावं तसा. मी ओळखलाच नाही, कोण हसतंय ते. दार उघडलं तर ही! गाल लाल, केस ओले. मला बघून हसणं थांबलं.

दमली असेल.

२ फेब्रुवारी, गुरुवार

त्या बुटांबद्दल सांगणाऱ्या बाईचं दुकान गावाबाहेर आहे. दुकान कसलं, गॅरेजच. अर्ध्यात बोर्डना चोळायच्या मेणाचा वास, ते वितळवायच्या इस्त्र्या, मोडके बोर्ड. बाई माझ्याच वयाची, कपाळावर चष्मा, तोंडात बिस्किट. मला बघितल्याबरोबर म्हणाली, "फोनवरचे अठ्ठेचाळीस ना?"

मोजे काढायला लावले. उघडा पाय भिंतीला टेकवून मापला. एकतीस सेंटिमीटरला जरा कमी. "बुटाचा नंबर विसरा," म्हणाली, "उघडा पाय बघायचा. आणि बोर्डची नुसती कंबर बघू नका. पाय कंबरेवर कुठे असतात? ते दोन्ही बाजूंना असतात, तिथे बोर्ड जरा जास्त रुंद असतो."

मग तिने एक दाखवला. घासला. दुसरा दाखवला. नाही घासला, पण लांब, ताठ, दार उचलल्यासारखा. तिसरा तिच्याकडे नव्हता. तिने हात झटकले. "नाही हो. तुमच्या वजनाला माझ्याकडे काही नाही. पुढच्या हिवाळ्यात मागवते."

पुढचा हिवाळा! मी तिथेच स्टुलावर बसलो. उघड्या पायांनी. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. एकसष्ट वर्षांचा माणूस, गॅरेजमध्ये, पाय मोठे म्हणून.

बाई माझ्याकडे बघत राहिली. मग माळ्यावर चढली. वरून धूळ आली, शिव्या आल्या, आणि मग एक बोर्ड आला.

आखूड! माझ्या खांद्यापर्यंतसुद्धा नाही. आणि रुंद — पाटासारखा. लांबी कमी केली आणि ती रुंदीत घातली, अशा जातीचा. कंबर साडेसत्तावीस. त्यावर गुलाबी रंगाचा ऑक्टोपस, त्याला पापण्या, आणि प्रत्येक हातात एकेक आइस्क्रीम.

"चित्रामुळे कुणी घेत नाही," बाई म्हणाली. "मीच विसरून गेले होते."

जमिनीवर ठेवला. तिच्याकडचे आखूड रबराचे बूट घालून अडकवले. बाईने मला धरून बोर्ड पुढे कलता केला, आणखी कलता, पार कडेवर. मग वाकून तिने बुटाच्या टोकाखाली हात घातला. हात आरपार गेला!

मी ओरडलोच. शेजारच्या दुकानातला माणूस बघायला आला.

५ फेब्रुवारी, रविवार

वळलो.

चवड्यांवर भार दिला, ब्रेक लागायची वाट बघत दात आवळले — आणि लागलाच नाही! बोर्ड वळला. आणि वळतच राहिला, मी थेट कुंपणात गेलो, पण तो भाग वेगळा.

रुंद बोर्डचीही एक खोड आहे. या कडेवरून त्या कडेवर यायला वेळ घेतो. जड बस वळवावी तसं आधीपासून मनात आणावं लागतं. पण मला बस समजते. शिकवणाऱ्या मुलीने टाळ्या वाजवल्या. मागे जाऊन बर्फ पाहिला. एकच रेघ!

गाडीत हिला म्हटलं, आता दोन आठवड्यांत वर.

"इतक्यात?" म्हणाली. काळजी करते.

१२ फेब्रुवारी, रविवार

खुर्च्यांची लिफ्ट. उतरताना पडलो आणि मागच्या खुर्चीतल्या दोघांना पाडलं. लिफ्ट थांबवावी लागली. पण मधल्या टप्प्यावरून खाली आलो, शिकवणारी पुढे आणि मी मागे, तीनदा. शेवटच्या वेळी ती म्हणाली, "काका, आता तुम्हाला माझी गरज नाही."

असं कुणी म्हटलं की माणूस उगाच हातमोजे काढतो आणि पुन्हा घालतो. मी किती जणांना 'पास' म्हटलं असेल, पण कुणाच्या हातांकडे कधी लक्ष दिलं नव्हतं.

१९ फेब्रुवारी, रविवार

माथा!

हिला सांगितलं नव्हतं. ती गेल्यावर मागच्याच खुर्चीतून गेलो. वर सगळ्याजणी घोळका करून उभ्या होत्या, बोर्डचे पट्टे आवळत, काहीतरी खिदळत. मी सरकत गेलो आणि अगदी तिच्या पुढ्यात थांबलो. न पडता!

नर्स म्हणाली, "अय्या, तुम्ही!" ऑक्टोपस बघून बाकीच्या हसल्या. ही बघतच राहिली. इतक्या वर्षांत हिला गप्प करायला मला जमलं नव्हतं, ते आज जमलं.

दिवसभर त्यांच्याबरोबर होतो. ही फार छान चालवते, खोटं कशाला बोलू. एक मोकळा, उंडारल्यासारखा डौल आहे. वळताना मागचा हात उगाच वर जातो, तेवढं सांगितलं. थांबायच्या आधी मागे बघत नाही, तेही सांगितलं, ते धोक्याचं आहे. नर्सचे गुडघे ताठ असतात. तिलाही सांगितलं. दुपारनंतर त्या बाकीच्या पलीकडच्या उतारावर गेल्या. ही माझ्याजवळ थांबली. म्हटलं, जा तू त्यांच्याबरोबर. म्हणाली, "राहू दे. तुम्ही एकटे पडाल."

मन भरलं. सगळ्या हिवाळ्याचं चीज झालं.

२६ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा माथा. आज जरा शिस्त लावली. सगळ्याजणी एकदम निघतात, कुणी कुणाच्या आडवं जातं, टक्कर व्हायची. कुणी आधी, कुणी नंतर, कुठे थांबायचं ते ठरवून दिलं. दोघीजणी आल्या नव्हत्या. नर्स लवकर गेली, डोकं दुखत होतं म्हणे.

हिचा मागचा हात अजून वर जातोच. चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा हात अंगाशी घट्ट धरून खाली आली, अगदी बरोबर, पण आज डौल दिसला नाही. थंडी होती.

गाडीत मी बोलत होतो. ती ऐकत होती.

२७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी चहा पुढ्यात ठेवला आणि उभीच राहिली. म्हणाली, "रविवारी मी एकटी जाणार. तुम्ही शनिवारी जात जा."

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, माझ्यामुळे तुमचा वेग कमी होतो का? "नाही हो. तुम्ही आता छान चालवता." मग? "आठवड्यातला तेवढाच एक दिवस मला कुणी काही सांगत नाही."

म्हटलं, निदान सोडायला येऊ ना? नर्स घ्यायला येणार आहे, असं म्हणाली. म्हणजे ठरलेलं होतं.

चहावर साय आली. शेवटी विचारलं, मग डिसेंबरातच का नाही सांगितलंस? मी इतका पडलो, इतकी दुकानं पालथी घातली —

"तेव्हा तुम्ही खाली होतात," म्हणाली.